कुंदाचा डबा परत करायचा राहिला

कुंदा गेली त्या सकाळी मी तिच्यावर चिडलेली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या पाच आठवड्यांत जो तो तिच्याविषयी इतकं गोड बोलतोय की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई म्हणजे साक्षात देवमाणूस. देवमाणूस वगैरे काही नव्हती. डोक्याला ताप होती. आदल्या दिवशी तिने माझ्या फोनवर तीन निरोप ठेवले होते आणि तिन्ही एकच : माझा डबा दे, उषे. अगं, तुझ्या घरात काय एकच डबा आहे? मी इथे परदेशात, हेन्डरसन नावाच्या उपनगरातल्या औषधांच्या दुकानात काम करते. सकाळी काउंटरमागे ट्रेमध्ये गोळ्या मोजत होते, तेवढ्यात विलासरावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला. मला वाटलं, हिने आता नवऱ्यालाही डब्याच्या मागे लावलं. उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "देते हो संध्याकाळी तुमचा डबा." विलासराव म्हणाले, "वहिनी, कुंदा गेली."

ती हॉस्पिटलात नर्स होती. सकाळच्या ड्यूटीवर, तिच्याच वॉर्डात, कुणाचा तरी बिछाना नीट करता करता कोसळली. मेंदूत रक्तस्राव. आजूबाजूला चार डॉक्टर, आणि एकालाही काही करता आलं नाही. एक्कावन्न वर्षं हे काय वय आहे? या बाईने जन्मात एक गोष्ट वेळेवर केली नाही. स्वतःच्या लग्नात म्हणे मुहूर्ताला अजून वेणीच घालत होती. आम्ही तिला कुठेही बोलवायचं तर घड्याळात तासभर आधीची वेळ सांगायचो. आणि जायचं तेवढं मात्र सगळ्यांच्या आधी गेली. मला याचा अजूनही राग येतो, आणि राग येतो म्हटलं की लोक माझ्याकडे काळजीने बघतात.

आमची ओळखच भांडणाने झाली. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीची शेवटची जुडी माझ्या हातात होती. तिने दुसऱ्या बाजूने तीच जुडी धरली आणि सोडेना. ठाण्याची आहे म्हणाली. मी पुण्याची, मीही सोडेना. शेवटी म्हणाली, आपण वाटून घेऊ. वाटून घेऊ म्हणजे काय, तर ही बया विलासराव आणि चिमुरड्या ईशासकट दुपारी माझ्या घरी जेवायला हजर. माझ्या ओट्यापाशी उभी राहून माझ्याच कणकेचे ठेपले लाटले आणि श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, म्हणाली, "भावजी, ही फार कडक दिसते हो." श्रीकांत हसत सुटला. जाताना ठेपले बरोबर आणलेल्या त्या डब्यातून घेऊन गेली. डबा स्टीलचा, गोल, मध्यम आकाराचा. झाकणावर कोरलेलं होतं : चि. सौ. कां. कुंदा हिस, मामा-मामींकडून. पुढच्या आठवड्यात त्यातून चिवडा आला. आता डबा रिकामा कसा परत करायचा? मी शंकरपाळे भरून दिले. तिकडून करंज्या आल्या. असा तो डबा दहा-बारा वर्षं आमच्या दोन घरांत फिरत राहिला, आणि माझ्याकडे चार दिवस जास्त राहिला की हिचे फोन सुरू.

श्रीकांत २००४ च्या मे महिन्यात गेला. ऑफिसातून आला, बूट काढायला बसला आणि उठलाच नाही. त्यानंतरच्या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं, आणि मला बोलावण्याचा कुणाचाच फोन आला नाही. कुंदाचा यायचा, तो डब्यासाठी. मला कुणी छळलं, वाळीत टाकलं, असं अजिबात लिहायचं नाही. सगळ्या शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या, भल्या बायका. बोलवावं तर हिला वाईट वाटेल आणि न बोलवावं तरी वाटेल, या विचारात त्यांची संक्रांत उलटून गेली. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं, पण इतकं जपून, इतकं चाचरत, की मी गेले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन दोन तास कॉफी करत बसले. मीच बसले. बाहेर हसणं चालू होतं. मी कप घेऊन गेले की थांबायचं. माझ्यासमोर श्रीकांतचं नावसुद्धा कुणी घेत नसे. घरी येताना ठरवलं, बस झालं. पुन्हा यांच्यात जायचं नाही. मंगळसूत्र मी त्याच्या अंत्यविधीनंतर काढलं होतं. घालवत नव्हतं, आणि कपाटात ठेवून घराबाहेर पडवतही नव्हतं. म्हणून एका छोट्या कापडी पिशवीत घालून रोज पँटच्या खिशात ठेवायची. हे कुणालाही माहीत नव्हतं. कुंदालासुद्धा नाही.

मग आली २००७ ची संक्रांत. कुंदाचा फोन. यंदा हळदीकुंकू तिचं, आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, साबणाच्या वड्या असलं काही नाही. यंदा वाण रोलर कोस्टर. मला वाटलं उन्हाने हिचं डोकं फिरलं. पण नाही, हिने सगळं ठरवून टाकलं होतं. दोन तासांवर समुद्रात लांबवर गेलेला एक जुना लाकडी धक्का आहे, तिथे सुट्ट्यांमध्ये पाळणे आणि रोलर कोस्टर लागतात. प्रत्येकीला कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि वाण म्हणून दोन रोलर कोस्टरची तिकिटं. मी म्हणाले, वाण म्हणजे घरी नेता येईल अशी वस्तू असते. म्हणाली, घरात ठेवायला जागा कुणाकडे आहे? मी म्हणाले, मी काही येणार नाही. तर म्हणते कशी, "तुला कोण वाण देतंय? तू सामान सांभाळायला ये. आणि तुझी सात सीटची गाडी आण."

फोन ठेवल्यावर मी अर्धा तास घरात येरझाऱ्या घालत होते. सामान सांभाळायला! म्हणजे बाकीच्या मजा करणार आणि मी त्यांच्या पर्सा धरून बसणार. बोलायची काही रीत? पण सांगू का, त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदाच असं जाणवलं की कुणीतरी माझ्याशी जपून बोललेलं नाही. गाडीत तेल भरून आणलं, हे खरं.

निघायचं ठरलं होतं आठला. कुंदा उगवली सव्वानऊला, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात तो डबा, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि पाकीट घरी विसरून. पुन्हा मागे फिरलो. संक्रांत म्हणून सगळ्यांनी काळं घालायचं हा तिचा हुकूम. आपल्याकडे थंडी असते, काळं उबदार. इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. माझ्या गाडीत सात आणि मागून अनघाच्या गाडीत तिघी, अशा दहा जणी काळ्या कपड्यांत उकडत निघालो. अनघा आमच्यात सगळ्यात लहान, लग्नाला वर्ष झालेलं, कॉम्प्युटरवाली. रस्त्यात कुंदाला एका डेअरीपाशी आइसक्रीम दिसलं. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. तिथे ती उतरली ती दुकानदाराच्या गुडघेदुखीची सगळी हकिगत ऐकूनच परत आली. नर्स ना ती! मी हॉर्न वाजवून थकले.

धक्क्यावर पोचलो तर वारा असा की हळद हातात टिकेना. लाकडी बाकावर हळदीकुंकू झालं. समुद्रपक्ष्यांनी तिळाचे लाडू पळवायला सुरुवात केली, कुंदा जँडल काढून त्यांच्या मागे धावली. मी बाकाच्या टोकाला पाठ करून बसले होते. सगळं झाल्यावर ती माझ्यापुढे आली आणि उरलेले लाडू माझ्या हातांत ओतले. "खा पटापट, डबा रिकामा हवाय." का हवाय ते पाच मिनिटांत कळलं. रोलर कोस्टरच्या तोंडाशी पाटी होती : चष्मे, पायातल्या जँडल्स, गळ्यातलं काही सुटं असेल ते काढून ठेवा. फाटकावरचा माणूस एकेकीच्या गळ्याकडे बोट दाखवत होता. आणि या नऊ बायकांनी एकीमागून एक मंगळसूत्रं काढली, डब्यात टाकली, आणि डबा माझ्या मांडीवर ठेवून हसत, खिदळत निघून गेल्या.

मी तिथे बसले. वरून ऊन, खाली फळ्यांच्या फटींतून हिरवं पाणी, आणि माझ्या मांडीवर नऊ जणींची मंगळसूत्रं. मी. ज्या बाईने कॉफीचा ट्रे आणला तरी यांचं हसणं थांबायचं, तिच्या मांडीवर. मला संतापाने रडू यायला लागलं. हिला अक्कल आहे की नाही? जरा विचार करावा माणसाने. मग तिथेच, गॉगलमागे डोळे पुसताना, माझ्या लक्षात आलं की कुंदाने खरोखरच विचार केला नव्हता. सामान सांभाळायला विश्वासाचं माणूस हवं होतं, ते मी होते, विषय संपला. विचार करणाऱ्या बाकीच्यांनी मला एक वर्ष घरात आणि एक वर्ष स्वयंपाकघरात बसवलं होतं.

पहिला रोलर कोस्टर लहान होता, तिघी-तिघींच्या डब्यांचा. तो झाला. मोठ्याच्या डब्यात दोघीच बसत, आणि एकटीला बसू देत नव्हते. आठ जणींच्या चार जोड्या झाल्या आणि कुंदा उरली. ती रांग सोडून, लोकांचे पाय तुडवत माझ्याकडे आली. "उषे, चल." मी म्हणाले, मी सामान सांभाळायला आले आहे. म्हणाली, नाटकं पुरे. मी म्हणाले, आणि हे कोण सांभाळेल? तर तिने डबा उचलला आणि सरळ तिकिटाच्या खिडकीशी नेला. तिथे पिकल्या केसांच्या एक माओरी बाई बसल्या होत्या. किया ओरा, म्हणजे त्यांच्या भाषेत नमस्कार, म्हणाल्या, आणि यात काय आहे विचारलं. कुंदा म्हणाली, "नाइन हजबंड्स. प्लीज, जरा बघाल?" त्या बाई खुर्चीतल्या खुर्चीत गदगदून हसल्या.

फाटकावरच्या माणसाने मला खिसे रिकामे करायला सांगितलं. किल्ल्या काढल्या, रुमाल काढला. मग ती पिशवी. मी ती मुठीत धरून उभी राहिले. मागे रांग खोळंबलेली. कुंदाने हात पुढे केला आणि मी काही न सुचून पिशवी तिच्या हातावर ठेवली. कापडातून तिच्या बोटांना वाट्या लागल्या असणार, कारण ती एकदम थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली... मी वाट बघत होते. आता ही काहीतरी बोलणार, अगं बाई म्हणणार, गळ्यात पडणार. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. पण जिच्या तोंडाचा पट्टा भूल दिलेल्या पेशंटपुढेही थांबत नसे, ती कुंदा काही बोलली नाही. वळली, खिडकीशी गेली, डबा मागून घेतला, झाकण उघडलं आणि माझं मंगळसूत्र पिशवीतून काढून बाकीच्या नऊंत ठेवलं.

"टेन नाऊ?" त्या बाईंनी विचारलं.

"टेन," कुंदा म्हणाली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही, आणि जे आहे ते कुंदाची अब्रू घालवणारं आहे. ज्या बाईने दहा जणींना उन्हात वरात काढून तिथे आणलं, तिने पहिल्या चढालाच डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. शिखरावरून दिसणारा समुद्र तिने पाहिलाच नाही. मी पाहिला. मग ते धूड खाली सुटलं आणि मी ओरडले. नुसती ओरडले नाही, कुंदाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पुण्यात कधी तोंडातून काढले नसतील असे शब्द वापरून, अगदी शेवटच्या वळणापर्यंत. गेली जवळजवळ तीन वर्षं मी आवाज चढवला नव्हता. कुणावर चढवणार? घरात होतं कोण? खाली उतरल्यावर कुंदा तडक एका टपरीमागे गेली आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर काढलं. मी तिचे केस धरून उभी. तोंड पुसून म्हणते, परत बसू या. आम्ही आणखी दोनदा बसलो. दोन्ही वेळा तिने डोळे मिटून घेतले. मी विचारलं, मग कशाला बसतेस बाई? तर म्हणे, तू छान शिव्या देतेस.

डबा परत घेतला तेव्हा आत दहाही मंगळसूत्रांची एकमेकांत गुंतून मोट झालेली, वर चिकट गुळाचे कण. बाकावर ओढणी पसरून सगळ्या ती सोडवायला बसल्या. काळे मणी, दोन वाट्या, ओळखणार कशी? ज्या त्या आपापलं म्हणून उचलू लागल्या, आणि शेवटी ओढणीवर एक उरलं. अनघाने ते उचललं आणि विचारलं, हे कुणाचं? नऊही गळे भरलेले. सगळ्यांना बहुधा एकाच वेळी कळलं, कारण तेच ते हसणं थांबणं पुन्हा झालं. मी कुंदाकडे पाहिलं. वाटलं, ही आता काहीतरी सावरून नेईल. ती मख्खासारखी थर्मासचं झाकण फिरवत बसली होती.

"माझं आहे," मी म्हणाले.

अनघाने ते माझ्या हातात दिलं. ती वयाने लहान, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तिने सहज विचारलं, वाट्यांची घडण किती छान आहे, काकांनी केलेली का? मी म्हणाले, नाही, काकांची निवड भयंकर होती, मीच जाऊन बदलून आणलं. आणि मग मी सांगत सुटले. श्रीकांतने आधी आणलेल्या त्या जाडजूड पोपटी मण्यांच्या प्रकारापासून ते त्याने रागाने आठवडाभर माझ्याशी न बोलण्यापर्यंत. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, ते गणपतीत आरतीला कसले बेसूर ओरडायचे, आठवतंय? घरी जाताना दोन तास गाडीत श्रीकांतच चालला होता. कुंदा माझ्या शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून घोरत होती. दुसऱ्या दिवशी अनघाचा फोन, तिच्या गळ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी मंगळसूत्र गेलंय. ते निस्तरायलाही मीच. आणि डबा? तो कुंदा माझ्या गाडीत विसरली, आणि तीन दिवसांनी मलाच विचारते, माझा डबा अजून का दिला नाहीस?

परवा मी तो परत द्यायला गेले. रिकामा द्यायचा नाही म्हणून तिळाचे लाडू केले, ऐन ऑगस्टच्या थंडीत. कुंदाने बाकी सगळे महिने चुकवले असते, पण संक्रांत ऑगस्टात नसते, हे नक्की पकडलं असतं. विलासराव बाहेरच्या खोलीत बसले होते. मुंबईच्या कुठल्याशा नातेवाइकाला फोनवर तेच ते पुन्हा सांगत होते, त्यांनी नुसता हात वर केला. ईशा आता एकोणीस वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. तिने लाडू ताटलीत काढले, डबा धुतला, पुसला. मग तो घेऊन खोलीत गेली आणि परत येऊन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, अगं, हा तुमचा आहे. ती म्हणाली, "उषामावशी, एम्प्टी नाहीये." मराठीतला शब्द तिने किती दिवसांनी वापरला कोण जाणे.

आत हॉस्पिटलने लिफाफ्यात घालून दिलेलं कुंदाचं मंगळसूत्र होतं. विलासरावांना ते समोर नको आहे आणि बाजूलाही टाकवत नाही, ईशाने मला हळूच सांगितलं. तिला कुठे ठेवावं कळत नव्हतं. मग म्हणाली, "मम सेड यू लुक आफ्टर एव्हरीवन्स स्टफ." त्या दिवसाचं कुंदाने घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं. माझ्या खिशातल्या पिशवीबद्दल एक अक्षर नाही. रोलर कोस्टर, तिचं ओकणं, आणि उषामावशी सगळ्यांचं सामान सांभाळते. मी ईशाला सांगितलं, तुला हवं असेल तेव्हा माग, तोवर मी बघते.

घरी येऊन मी ती जुनी कापडी पिशवी काढली आणि तिच्यातलं माझंही मंगळसूत्र त्या डब्यात ठेवलं. झाकण दाबून लावलं. परत करायचे डबे मी पहिल्यापासून दाराजवळच्या फळीवर ठेवते, बाहेर पडताना विसरायला नकोत म्हणून. हाही तिथेच ठेवला आहे. चांगला भरलेला आहे. सकाळी कामावर निघताना माझा हात सवयीने त्याच्याकडे जातो, मी तो उचलतेही, आणि मग रोज, न चुकता, कुंदावर चिडून परत फळीवर ठेवते.